सापडला तो चोर?

विद्यार्थी मित्रहो, पोट दुखते म्हणून शाळा बुडवण्याचा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केला असेल. माझ्या पुतण्याचे पोट मात्र खरोखरच दुखत असे. तो तेव्हा आठवीत होता. सकाळी उठल्यावर थोड्या वेळाने बेंबीभोवती कळ यायची, दोन-तीनदा पातळ शौचाला व्हायचे आणि दुपारपर्यंत स्वारी पुन्हा ठणठणीत. महिनाभर असे चालल्यावर डॉक्टरांनी मल तपासून घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद हातात आला. त्यावर एकच नाव ठळक अक्षरांत होते : ब्लास्टोसिस्टिस होमिनिस.

घरात सर्वांना हायसे वाटले. चोर सापडला होता. आता त्याला गोळ्या घालायच्या, एवढेच उरले होते. मेट्रोनिडॅझोल नावाच्या गोळ्या आल्या. त्या घेताना तोंडाला गंजलेल्या खिळ्यासारखी चव येते, म्हणून पुतण्याने सात दिवस तोंड वाकडे केले. पोट दुखायचे थांबले. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू झाले. पुन्हा तपासणी, पुन्हा तेच नाव.

मग मी एक आगाऊपणा केला. भावाला म्हटले, घरातल्या सगळ्यांचीच तपासणी करून घेऊ या. वहिनी नाराज झाली, पण कबूल झाली. पाच जणांच्या त्या घरात तिघांच्या मलात हाच जीव निघाला. एक पुतण्या, दुसरी त्याची धाकटी बहीण आणि तिसरी माझी आई. आईचे वय ७८. हुरड्याच्या दिवसांत शेतावर बसून पोटभर हुरडा खाणारी आणि वर ताक पिऊन शांत झोपणारी ही बाई. तिला तो कागद दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "असेल बाबा! तो त्याचं खातो, मी माझं खाते." शास्त्रज्ञ ज्याला सहभोजी जीव म्हणतात, त्याची इतकी सोपी व्याख्या मला आजवर कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेली नाही.

आता प्रश्न असा, की एकाच घरातील तिघांच्या पोटात तोच जीव असताना दुखणे एकालाच का? आणि दुखणे एकालाच असेल, तर त्या दुखण्याचा दोष या जीवाच्या माथी मारावा का? हा प्रश्न माझ्या पुतण्यापुरता नाही. जगातील किमान शंभर कोटी माणसांच्या आतड्यांत हा जीव असावा, असा अंदाज आहे. तो खरोखरच रोगकारक आहे की नाही, यावर शास्त्रज्ञ आजही एकमेकांशी वाद घालीत आहेत.

आधी या आरोपीची ओळख करून घेऊ. सूक्ष्मदर्शकाखाली तो एखाद्या पारदर्शक मण्यासारखा गोल दिसतो. मधला जवळजवळ सगळा भाग एका मोठ्या पोकळीने व्यापलेला असतो आणि पेशीद्रव्य कडेला पातळ पट्टीसारखे दाबलेले असते. केंद्रके असतात ती त्या पट्टीत. त्याला पाय नाहीत, शेपटी नाही, पोहण्याचे काही साधन नाही. तो आपल्या मोठ्या आतड्यात, जिथे ऑक्सिजन फारसा नसतो तिथे, राहतो. बाहेर पडताना काही पेशी स्वतःभोवती जाड कवच करून घेतात. त्याला पुटी म्हणतात. मैला मिसळलेल्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांवरून किंवा भाजीवरून पुटी दुसऱ्याच्या तोंडात गेली, की नवे घर वसले.

"काका, हा प्राणी की वनस्पती?" असे पुतण्याने मला विचारले होते. त्याने नकळत फार जुन्या वादाला हात घातला. १९११ साली अलेक्सेइएफ या शास्त्रज्ञाने या जीवाचे वर्णन केले आणि १९१२ मध्ये फ्रान्सच्या एमिल ब्रुम्प्ट याने माणसात सापडणाऱ्या जातीला 'होमिनिस' हे नाव दिले. त्या काळी लोक याला यीस्टसारखी निरुपद्रवी बुरशी समजत. पुढे अर्धशतक कोणी त्याकडे फारसे पाहिले नाही. १९६७ साली अमेरिकेतील चार्ल्स झीर्ट याने दाखवून दिले, की ही बुरशी नव्हे. हिची ठेवण आदिजीवांची, म्हणजे अमीबासारख्या एकपेशीयांची आहे. तेथून पुढे डॉक्टरांचे डोळे त्याच्याकडे वळले. बुरशी म्हणून जो निर्दोष होता, तो आदिजीव ठरताच संशयित झाला! त्याच्या वागण्यात काही बदल झाला नव्हता. बदलले होते फक्त आपले लेबल. आणि १९९६ साली त्याच्या रिबोसोममधील आरएनएचे जनुक वाचले, तेव्हा आणखी गंमत झाली. तो ना बुरशी निघाला, ना अमीबाचा भाऊबंद. त्याचे नातेवाईक म्हणजे समुद्रातील तपकिरी शैवाल, डायटम आणि नाशिकच्या द्राक्षबागांत शेतकऱ्यांची झोप उडवणारा केवडा. तेव्हा पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर "दोन्ही नाही" असे द्यावे लागले.

आता खटल्याकडे वळू. आरोप असा : पोटदुखी, जुलाब आणि पोटफुगी असणाऱ्या अनेक रुग्णांच्या मलात हा जीव सापडतो. सापडतो हे खरेच आहे. पण त्यावरून काय सिद्ध होते? आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. कावळ्याच्या वजनाने फांदी तुटली असे म्हणायचे, तर कावळा बसूनही न तुटलेल्या फांद्या किती, आणि कावळा नसतानाही तुटलेल्या किती, हे मोजल्याशिवाय कसे म्हणता येईल?

समजा, एका गावात पोट बिघडलेल्या १०० माणसांची तपासणी केली आणि ४० जणांत ब्लास्टोसिस्टिस आढळला. आकडा मोठा वाटतो ना? पण त्याच गावातील १०० धडधाकट माणसे तपासली आणि त्यांच्यातही ४० जणांत तो निघाला, तर? तर पहिल्या आकड्याची किंमत शून्य. (हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, खरे नव्हेत.) गोची अशी, की तक्रार नसलेला माणूस आपला मल तपासायला देत नाही. प्रयोगशाळेत येतात ती आजारी माणसेच. म्हणून तेथे बसणाऱ्याला असेच वाटत राहते, की हा जीव आजारी माणसांतच असतो.

ज्या शास्त्रज्ञांनी निरोगी माणसेही तपासली, त्यांना काय दिसले? पुण्याच्या संशोधकांनी २०१५ साली निरोगी भारतीय माणसांमधील ब्लास्टोसिस्टिसवरच एक निबंध प्रसिद्ध केला. डेन्मार्कमध्ये तर आतड्याचा दीर्घ विकार असणाऱ्यांपेक्षा निरोगी माणसांतच हा जीव अधिक आढळतो, असे दिसून आले. सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतील सेनेगलचे आहे. तेथे नदीकाठच्या खेड्यांतील ९३ मुलांची तपासणी झाली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की ९३ पैकी ९३ मुलांत तो होता. त्यांतील काही मुलांना पोटाच्या तक्रारी होत्या, काहींना मुळीच नव्हत्या. गावातील प्रत्येकाच्या घरी पितळी तांब्या असेल, तर चोराच्या घरी पितळी तांब्या सापडला या पुराव्याला न्यायाधीश विचारणार नाही.

तुमच्या पुस्तकात रॉबर्ट कोख याच्या कसोट्या कदाचित वाचल्या असतील. रोगजंतू प्रत्येक रुग्णात आढळला पाहिजे, तो वेगळा काढून वाढवता आला पाहिजे, निरोगी प्राण्यात टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे, आणि त्या प्राण्यातून तोच जंतू परत मिळाला पाहिजे. या कसोट्या सुंदर आहेत. पण पटकीचा जंतू शोधण्यासाठी १८८४ मध्ये कलकत्त्यापर्यंत आलेल्या कोखलाच पुढे आढळले, की पटकीचे जंतू धडधाकट माणसांतही असू शकतात. म्हणजे निरोगी माणसात सापडला म्हणून निर्दोष, हाही निष्कर्ष घाईचाच. येथे माझ्या आईची साक्षही कमकुवत ठरते, हे मला कबूल केले पाहिजे.

"पण गोळ्यांनी गुण येतो त्याचे काय?" असे अनेक डॉक्टर विचारतात. प्रश्न रास्त आहे. इटलीमध्ये काही रुग्णांना मेट्रोनिडॅझोल आणि काहींना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी देऊन तुलना केली गेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात औषध घेणाऱ्यांना अधिक बरे वाटले. पण नंतर इतरांनी केलेल्या सगळ्याच चाचण्यांत असा स्पष्ट फरक दिसला नाही. आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. मेट्रोनिडॅझोल काही एकाच चोराला ओळखणारा पोलीस नव्हे. ते जिआर्डिया मारते, आमांशाचा अमीबा मारते आणि ऑक्सिजनाविना जगणारे आतड्यातील असंख्य जिवाणूही मारते. सगळ्या गल्लीला अटक केल्यावर चोऱ्या थांबल्या, तर चोर नेमका कोण होता हे कसे कळणार? शिवाय पोटाच्या पुष्कळ तक्रारी औषधाविनाही आपोआप थांबतात. त्या तीन आठवड्यांत पुतण्याला बरे वाटले, ते कशाने, हे मी आजही सांगू शकत नाही.

येथे थोडे मागे जाऊन एक जुनी हकीकत सांगतो, कारण या वादाची किल्ली मला तिच्यात दिसते. आव पडणे, मुरडा येणे, म्हणजे आमांश, हा आपल्या घरोघरी ठाऊक असलेला रोग. त्याचे एक कारण एंटामीबा हिस्टोलिटिका नावाचा अमीबा. तो आतड्याच्या भिंतीला व्रण पाडतो, कधी रक्तातून यकृतात जाऊन तेथे गळू करतो. त्याने माणसे दगावतात. याच्या गुन्ह्याबद्दल शंका नाही. पण १९१३ साली फिलिपाइन्समध्ये वॉकर आणि सेलर्ड्स या दोघांनी मनिला येथील तुरुंगातील वीस कैद्यांना या अमीबाच्या पुटी खाऊ घातल्या. (असला प्रयोग आज कोणी करू धजणार नाही, आणि करूही नये. तुरुंगातल्या माणसाच्या 'होकारा'ला काय अर्थ?) बहुतेकांच्या आतड्यांत अमीबा वाढला. आमांश मात्र फक्त चौघांना झाला. असे का?

१९२५ साली एका शास्त्रज्ञाने याचे उत्तर सुचवले. तो म्हणाला, सूक्ष्मदर्शकाखाली अगदी एकसारखे दिसणारे हे दोन वेगळे अमीबा आहेत. एक रोग करतो, दुसरा करीत नाही. दुसऱ्याला त्याने 'डिस्पार' असे नाव दिले. हा शास्त्रज्ञ म्हणजे तोच एमिल ब्रुम्प्ट, ज्याने आपल्या ब्लास्टोसिस्टिसला 'होमिनिस' म्हटले होते. त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. दिसायला एक ते एकच, असा बहुतेकांचा खाक्या. तब्बल पन्नास वर्षे गेली. १९७८ मध्ये लंडनच्या सार्जंट आणि विल्यम्स यांनी या अमीबांतील एन्झाइमे तपासली, तेव्हा दोन गट स्वच्छ वेगळे पडले. मग डीएनएनेही तेच सांगितले. १९९३ साली दोन जाती रीतसर मानल्या गेल्या आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केले. ज्यांच्या पोटात 'आमांशाचा अमीबा' आहे असे जगभर धरले जात होते, त्यांतील दहापैकी सुमारे नऊ जणांच्या पोटात निरुपद्रवी डिस्पारच होता! कल्पना करा, जुळ्या भावाच्या गुन्ह्यासाठी किती जणांनी कडू गोळ्या गिळल्या असतील.

याच्या नेमकी उलट गोष्ट जिआर्डियाची. लेव्हेनहुकने १६८१ साली, पोट बिघडलेले असताना, स्वतःच्याच मलात तो पाहिला होता. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक डॉक्टर त्याला निरुपद्रवी पाहुणा समजत. पुढे त्याच्या साथी आल्या, प्रवासी आजारी पडू लागले, आणि १९८७ साली स्वयंसेवकांवरील प्रयोगात दिसले, की एका वाणाने सर्वांना बाधा झाली व त्यांतील काही आजारी पडले, तर दुसऱ्या वाणाने कोणालाच बाधा झाली नाही. एकाला चुकून शिक्षा, दुसऱ्याची चुकून सुटका. म्हणून ब्लास्टोसिस्टिसबद्दल "तो अगदी निरुपद्रवी आहे" असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या बाजूला मी उभा राहणार नाही.

कारण हा एक जीव नसून अनेक आहेत. दिसायला सारे सारखे. पण डीएनएच्या तपासणीत त्यांचे कितीतरी उपप्रकार निघाले आहेत, आणि आता त्यांना क्रमांकांनीच ओळखतात. माणसांत मुख्यतः १ ते ४ हे क्रमांक सापडतात. ७ क्रमांकाचा उपप्रकार माणसांत क्वचित, पक्ष्यांत अधिक. प्रयोगशाळेत उंदरांवर आणि पेशींवर तो ४ क्रमांकापेक्षा बराच अधिक त्रासदायक ठरला आहे. म्हणजे येथेही जुळे भाऊ, किंबहुना सगळी बिरादरीच, एका नावाखाली नांदत असेल. तपासणीच्या कागदावर मात्र अजून एकच नाव लिहिले जाते : होमिनिस.

अलीकडे वारे उलटे वाहू लागले आहे. २०२४ साली ३२ देशांतील ५६,९८९ माणसांच्या माहितीचा एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की ज्यांच्या आतड्यांत ब्लास्टोसिस्टिस आहे, त्यांचा आहार सरासरीने अधिक चांगला आणि हृदयविकार, मधुमेह यांच्या दृष्टीने त्यांची प्रकृतीही अधिक चांगली. लगेच काही जण याला 'मित्र' म्हणू लागले आहेत. मित्रहो, सावध! हा तोच कावळा, फक्त फांदी दुसरी. भाजीपाला आणि कोंड्यासकट धान्य खाणाऱ्याच्या आतड्यात या जीवाला राहायला आवडत असेल, तर प्रकृती आहाराने सुधारली, की या भाडेकरूने सुधारली? कोकिळा ओरडते म्हणून आंब्याला मोहोर येत नाही.

मग माझे मत काय? उपलब्ध पुरावा पाहता बहुसंख्य माणसांत हा जीव रोग करीत नाही, असे मी मानतो. काही उपप्रकार काही माणसांत त्रास देत असतील, हे शक्य आहे; ते अजून सिद्ध व्हायचे आहे. म्हणून केवळ तपासणीत नाव आले एवढ्यावर धडधाकट माणसाला गोळ्या देऊ नयेत, आणि आजारी माणसाच्या बाबतीत हे नाव मिळाले म्हणून पुढचा शोध थांबवू नये. मला अधिक भीती वाटते ती या दुसऱ्या चुकीची. चोर सापडला असे वाटले, की खऱ्या चोराच्या मागावर कोणी जात नाही. जिआर्डिया राहून जातो, आतड्याचा दाह राहून जातो, गव्हाचे किंवा दुधाचे न पचणे राहून जाते. उपचार करायचा की नाही हे अर्थात डॉक्टरांनी ठरवायचे, पण "याच जीवाने हे झाले, असे आपण कशावरून म्हणता?" असा प्रश्न नम्रपणे विचारण्याचा अधिकार रुग्णालाही आहे.

आणि एक गोष्ट वादातीत आहे. हा जीव पोटात आहे, याचा अर्थ कोणाच्या तरी विष्ठेचा, माणसाच्या नाही तर जनावराच्या, कण आपल्या तोंडात गेला आहे. जीव निर्दोष असेल, पण त्याची वाट निर्दोष नाही. त्याच वाटेने कावीळ आणि विषमज्वरही येतात. ती वाट गोळ्यांनी बंद होत नाही. ती संडास, शुद्ध पाणी आणि साबण यांनी होते. शिक्षकांना माझी विनंती आहे, की परजीवींचा पाठ शिकवताना फळ्यावर 'रोग' आणि 'रोगकारक' असे दोन रकाने आखतात, तेथे 'अजून ठरलेले नाही' असा तिसराही आखावा. त्यात घालण्यासारखे पुष्कळ आहे.

पुतण्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुसऱ्यांदा गोळ्या देण्याऐवजी आमच्या डॉक्टरांनी त्याला एक वही करायला सांगितली. केव्हा काय खाल्ले, केव्हा दुखले. पंधरा दिवसांनी वही पाहिली, तर दुखणे बहुतेक वेळा सकाळच्या मोठा पेलाभर दुधानंतर तासाभरात येत होते. दूध बंद केले. दह्या-ताकाने काही होत नव्हते, ते चालू ठेवले. पोट दुखायचे थांबले, ते आजतागायत. ब्लास्टोसिस्टिस बहुधा अजूनही आत सुखाने नांदत असेल.

मी हा पुरावा म्हणून मोठ्या दिमाखाने पुतण्यापुढे मांडला. तो वही मिटवून म्हणाला, "पण काका, दूध बंद केलं त्याच आठवड्यात माझी सहामाही परीक्षाही संपली होती."